आईच्या आडनावाचा माग

कोलंबियाच्या वायव्य भागात अँतियोकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. मेदेयीन हे त्याचं राजधानीचं शहर. तिथून उत्तरेकडे घाट चढत गेलं की बेल्मिरा, सांता रोसा दे ओसोस, यारुमाल, आंगोस्तुरा अशी गावं लागतात. उतारावर कुरणं, दुभत्या गाई, छातीवर येणाऱ्या चढाच्या गल्ल्या आणि प्रत्येक गावाच्या मध्यावर एक चर्च. या गावांतल्या काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक आजार चालत आला होता. चाळिशी ओलांडलेला धडधाकट माणूस तेच तेच विचारू लागे, सुट्टे पैसे मोजताना अडखळे, रोजच्या वाटेवर चुके. पन्नाशीत पोटच्या मुलांना ओळखेनासा होई आणि साठीच्या आसपास जाई. गावकरी या आजाराला ‘बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. अमक्या झाडाला हात लागला म्हणून झालं, असं कुणी म्हणे. चर्चमध्ये चोरी झाली तेव्हा संतापलेल्या पाद्र्याने शाप दिला होता, तो भोवतोय, असं दुसरं कुणी सांगे.

१९८४ साली बेल्मिराचा एक ४७ वर्षांचा शेतकरी मेदेयीनच्या विद्यापीठ रुग्णालयात आणला गेला. त्याला तपासणारा तरुण निवासी डॉक्टर होता फ्रान्सिस्को लोपेरा. तो याच डोंगराळ भागातला, यारुमालमध्ये वाढलेला. रुग्णाचे वडील असेच गेले, आजोबा असेच गेले आणि भावंडांपैकीही काहींना हेच झालंय, हे त्याने नातेवाइकांकडून ऐकलं आणि सरळ बेल्मिराची वाट धरली. १९८७ साली या कुटुंबावरचा पहिला लेख कोलंबियातल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. इथवरची गोष्ट लोपेरांच्या नावाने जगभर सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्यासोबत चालणाऱ्या बाईबद्दल लिहायचं आहे. तिचं नाव लुसिया माद्रिगाल. ती नर्स होती. या घराण्यांच्या वंशावळी काढण्याचं काम वर्षानुवर्षं तिने केलं.

मीही नर्स. नोकरीची बहुतेक वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात गेली. ओपीडीत एक काम कायम माझ्याकडे असायचं. स्मृतिभ्रंशाचा पेशंट आला की डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांना बसवून घ्यायचं आणि घराण्याचा तक्ता काढायचा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. आजारी असेल तर आतून काळा करायचा, वारला असेल तर त्यावर तिरकी रेघ मारायची. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिथून खाली मुलांच्या उभ्या रेघा. जगभर हीच खूण आहे. मेदेयीनमध्ये काढलेला तक्ता मी पुण्यात वाचू शकते.

काढायला सोपा, भरायला अतिशय अवघड. “घरात कुणाला विसरण्याचा आजार होता का?” असं विचारलं तर “छे, कुणालाच नाही” हेच उत्तर येतं. म्हणून प्रश्न फिरवून विचारायचा. आजोबा शेवटपर्यंत बाजाराला जायचे का? पेन्शन आणायला सोबत कोण जायचं? शेवटची पेरणी त्यांच्या हातची कुठल्या वर्षी झाली? तिजोरीची किल्ली त्यांच्याकडून कधी काढून घेतली? असं विचारत गेलं की निघतं, की आजोबा शेवटी शेवटी गोठ्यात जाऊन बसायचे आणि आपल्याच मुलाला “तुम्ही कोणाकडचे?” म्हणायचे. ‘वय झालं होतं’ म्हणून त्याला कुणी आजार म्हटलेलं नसतं. म्हातारचळ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तक्त्यावर तो चौकोन काळा करायला मी पेन उचललं की सोबत आलेली मामी नाहीतर थोरली सून हळूच म्हणायची, “सिस्टर, हे कागदावर नका लिहू. घरात दोन मुली लग्नाच्या आहेत.”

लुसिया माद्रिगालने काय केलं असेल, याचा अंदाज मला या कामामुळे येतो. डोंगरातल्या एकेका वाडीवर जाऊन, परक्याच्या ओट्यावर बसून, शापाला घाबरलेल्या माणसांकडून हे काढून घेणं म्हणजे केवढी चिकाटी! आणि माणसांची आठवण संपते तिथे पुढे काय? आजोबांच्या पलीकडे कुणालाच काही सांगता येत नाही. तिथून पुढची वाट गावच्या चर्चमधल्या वह्यांतून जात होती.

१५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने नियम केला, की प्रत्येक पाद्र्याने बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवावी. मृत्यूची वही १६१४ नंतर सक्तीची झाली. स्पेन आणि पोर्तुगाल जिथे जिथे गेले तिथे या वह्या गेल्या. आपल्या गोव्यातल्या चर्चमध्येही त्या होत्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख असते, पाद्र्याचं नाव असतं, बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपिता आणि धर्ममाता. पुष्कळदा दोन्हीकडचे आजी-आजोबाही. पुढे त्या मुलाचं लग्न झालं की कित्येक ठिकाणी समासात तेही टिपून ठेवलेलं असतं. शिवाय स्पॅनिश रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला दोन आडनावं. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. लग्नानंतर बाई आपलं आडनाव टाकत नाही.

या रिवाजाने विज्ञानाला केवढी मदत केली हे माझ्यासारखीला पटकन कळतं, कारण आपल्याकडे नेमकी तिथेच वाट बंद होते. आमच्या घराण्याची नामावळी नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे आहे. मी ती पाहिली आहे. पुरुषांच्या मागे पुरुष, कित्येक पिढ्या, कोण कधी गोदावरीवर आलं त्यासकट. काळजीपूर्वक सांभाळलेली, खरी. पण आमच्या पानांवर लेकी नाहीत. सुना आहेत त्या सासरच्या नावाने. बाईचं आडनाव तर बदलायचंच, लग्नात पाळण्यातलं नावही बदलायचं, मग ती कुठून आली याचा धागा दुसऱ्याच पिढीला हरवतो. ओपीडीत “आजीचं माहेरचं नाव काय?” विचारलं की लोक एकमेकांकडे बघत. पणजीचं तर नावच माहीत नसे. आता मेंदूचा असा आजार आईकडून येतो तसाच बापाकडून येतो, आणि लेकीला होतो तसाच मुलालाही. नुसत्या पुरुषांच्या वंशावळीत त्याचा अर्धा माग दिसतच नाही.

अँतियोकियात तो दिसला. यारुमालच्या घरातली लेक आंगोस्तुरात दिली, तिच्या मुलांचं दुसरं आडनाव तिचं राहिलं, आणि दोन पिढ्यांनंतर त्या आडनावाच्या माणसाला पंचेचाळिशीत ‘खूळ’ लागलं, हे कागदावर जुळत गेलं. वेगवेगळी समजली जाणारी आजारी घराणी मागे जात जात एकमेकांना मिळत गेली. धागा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचला. पुढे पंचवीसच्या आसपास कुटुंबं, मिळून सुमारे सहा हजार जिवंत नातेवाईक, एवढं मोठं गोत त्या तक्त्यांवर उभं राहिलं. अकाली अल्झायमरचं एवढं मोठं एक कुटुंब जगात दुसरं माहीत नाही.

हे काम चाललं तो काळ कोलंबियाचा सगळ्यात वाईट काळ. १९९१ साली मेदेयीनमध्ये दर लाख लोकांमागे साधारण ३८० खून झाले. शहरात अमली पदार्थांच्या टोळ्या, डोंगरात गनिमी सैन्य, त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सशस्त्र टोळ्या. अनोळखी माणूस वही घेऊन घरोघर कोण कुणाचा नातेवाईक विचारत हिंडतोय, याचा त्या दिवसांत काय अर्थ लावला जाईल हे सांगायला नको. माद्रिगालबाईंना एकदा बंदूकधाऱ्यांनी पळवून नेलं आणि आठ दिवस ठेवून घेतलं. त्या सुटून आल्या आणि कामाला राहिल्या.

त्याच वर्षांत मेंदूदानाची सुरुवात झाली. आजार नक्की अल्झायमरचाच आहे हे त्या काळी मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येत नसे. अलोइस अल्झायमरने १९०६ साली ट्यूबिंगनच्या सभेत जी बाई मांडली, तिचाही मेंदू असाच पाहिला होता. तीही पन्नाशीतच आजारी पडली होती. म्हणूनच कित्येक दशकं हे नाव फक्त अकाली विसरणाऱ्यांसाठी राखून ठेवलं होतं. म्हाताऱ्यांचं विसरणं म्हणजे वयाचा परिणाम, आजार नव्हे, असं डॉक्टरही धरून चालत. दोन्हींत मेंदू सारखाच दिसतो, हे १९७० नंतर सर्वांना मान्य होत गेलं. तर हा मेंदू मृत्यूनंतर काही तासांत काढावा लागतो. म्हणजे घरात प्रेत आहे, शेजारपाजार जमलाय, आणि त्याच वेळी बायकोला, मुलांना विचारायचं. मला नेत्रदानासाठी असं विचारावं लागलेलं आहे. काय शब्द वापरायचे हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. समोरची बाई आधी ओळखीची हवी, तिच्या घरी आपण आधी गेलेलं असायला हवं, तरच ती ऐकून घेते. अँतियोकियातल्या घरांनी ऐकून घेतलं, कारण विचारणारी माणसं त्यांच्याकडे आजारपणात येऊन गेलेली होती. मेदेयीनच्या विद्यापीठात आज या घराण्यांतल्या शेकडो मेंदूंचा संग्रह आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतला मेंदूशास्त्रज्ञ केनेथ कोसिक लोपेरांना येऊन मिळाला आणि रक्ताचे नमुने परदेशी प्रयोगशाळांत पोचले. जनुक शोधणाऱ्यांची तेव्हा घाई चालली होती. १९९१ साली लंडनमध्ये एका इंग्रज कुटुंबात पहिलं जनुक सापडलं होतं. १९९२ साली चौदाव्या गुणसूत्रावर आणखी काहीतरी आहे असं दिसलं. १९९३ साली अमेरिकेत अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने एपीओई या जनुकाचा चौथा प्रकार म्हातारपणीच्या अल्झायमरचा धोका वाढवतो हे दाखवलं. आणि १९९५ साली टोरांटोच्या पीटर सेंट जॉर्ज-हिस्लॉप यांच्या गटाने चौदाव्या गुणसूत्रावरचं ते जनुक शोधलं. त्याला प्रेसेनिलिन-१ हे नाव मिळालं. अँतियोकियातला दोष याच जनुकात निघाला. डीएनएच्या एका जागी ‘ए’ऐवजी ‘सी’ आलेला, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत २८०व्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलनिन बसलेलं. बस, एवढंच. शापाचं, झाडाचं, चोरीचं मूळ हे एक अक्षर होतं.

प्रेसेनिलिन हा पेशीतल्या एका विकराचा भाग. पेशीच्या पटलातलं एक मोठं प्रथिन कापणं हे त्याचं काम. दोष असेल तर काप भलत्या जागी बसतो आणि अमायलॉइड नावाच्या चिकट तुकड्याचा लांब प्रकार जास्त तयार होतो. तो मेंदूत साठत जातो. पुढे पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते होतात आणि पेशी मरायला लागतात. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून हा दोष आला तरी पुरतो, आणि प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी.

नंतरच्या स्कॅननी या आजाराचं वेळापत्रकच समोर ठेवलं. ज्याच्याकडे हा दोष आहे त्याच्या मेंदूत अमायलॉइड साठायला सुरुवात होते साधारण २८व्या वर्षी. तेव्हा तो माणूस गाई सांभाळतो, लग्न करतो, त्याला काही म्हणजे काही जाणवत नसतं. टाऊ पसरू लागतो तिशीच्या उत्तरार्धात. विसरणं चाचणीत पकडता येतं ४४व्या वर्षाच्या आसपास, आणि ४९च्या सुमाराला स्वतःचं स्वतःला करता येईनासं होतं. सोळा वर्षं मेंदू आतून जुना होत असतो आणि बाहेर कुणालाही पत्ता नसतो. म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमरमध्येही ही आधीची मूक वर्षं असतात, हे आता माहीत आहे. ते इतकं स्पष्ट समजलं ते अँतियोकियातल्या आणि त्यांच्यासारख्या दुसऱ्या काही कुटुंबांमुळे, कारण त्यांच्यात कोण कधी आजारी पडणार याचा अंदाज आधी बांधता येत होता.

चर्चच्या वह्या अठराव्या शतकात थांबल्या, पण डीएनए त्याच्याही मागे गेला. दोष असलेल्या माणसांमध्ये त्या अक्षराच्या दोन्ही बाजूंचा गुणसूत्राचा तुकडा किती लांबपर्यंत सारखा आहे, हे मोजून किती पिढ्या उलटल्या ते काढता येतं. २०१४ साली उत्तर आलं: साधारण १५ पिढ्या, म्हणजे ३७५ वर्षांच्या आसपास, आणि तो तुकडा युरोपी. सतराव्या शतकात सोन्याच्या मागे अँतियोकियाच्या डोंगरात शिरलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांपैकी कुणा एकाबरोबर हे अक्षर आलं असणार. डोंगरांनी पुढे त्या वस्त्या एकमेकांत कोंडून ठेवल्या, लग्नं जवळपासच झाली, कुटुंबं मोठी राहिली.

याच प्रांतातल्या लोकांच्या डीएनएचा आणखी एक अभ्यास २००० साली झाला होता. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र शंभरातल्या ९४ पुरुषांत युरोपी निघालं. फक्त आईकडून येणारा डीएनए मात्र शंभरात ९० जणांत तिथल्या मूळ अमेरिकी बायकांचा. म्हणजे बाप समुद्रापलीकडून आलेले आणि आया त्याच डोंगरातल्या. विजयाचा आणि जबरदस्तीचा सगळा इतिहास या दोन आकड्यांत आहे. मला त्यांतली दुसरी बाजू जास्त लागते. पुढच्या पिढ्यांतल्या आयांची आडनावं वहीत आली, त्यांच्या जिवावर शास्त्रज्ञ एवढे मागे गेले. पण त्या पहिल्या बायकांपैकी किती जणींचं स्वतःच्या भाषेतलं नाव कुठे लिहिलं गेलं असेल? त्यांची नोंद आज फक्त त्यांच्या पोरासोरांच्या पेशीत आहे.

एवढं कळल्यावर औषधाची आशा धरणं साहजिक होतं. २०१३ साली तिथे एक मोठी चाचणी सुरू झाली. आजार दिसायच्या आधीच अमायलॉइडवर प्रतिपिंड देऊन बघायचं होतं. २५२ जण सामील झाले. त्यांतले १६९ दोष असलेले, त्यांपैकी काहींना क्रेनेझुमॅब हे औषध आणि काहींना नुसतं पाणी. उरलेले ८३ दोष नसलेले, त्यांना सगळ्यांना पाणीच. निरोगी माणसांना वर्षानुवर्षं पाण्याची सुई कशासाठी, असं वाचकाला वाटेल. कारण तिथे कुणालाच आपल्यात दोष आहे की नाही हे सांगितलेलं नव्हतं. फक्त दोष असलेल्यांनाच बोलावलं असतं, तर बोलावणं हाच निकाल ठरला असता. म्हणून निरोगी बहीणही आजारी होणाऱ्या भावाइतकीच दर काही आठवड्यांनी डोंगर उतरून यायची, टोचून घ्यायची आणि घरी जायची. दोघांनाही माहीत नसायचं, कोण कोण आहे ते. हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम वाटतं. जून २०२२ मध्ये निकाल आला. औषधाने फरक पडला असं आकड्यांनी म्हणता आलं नाही.

त्याच घराण्यांत तोवर एक बाई सापडली होती. तिच्यात दोष होता. पंचेचाळिशी गेली, पन्नाशी गेली, साठी गेली, ती विसरेना. सत्तरीनंतर कुठे थोडं विसरणं सुरू झालं, म्हणजे इतरांपेक्षा जवळजवळ तीस वर्षं उशिरा. बॉस्टनला नेऊन तिचं स्कॅन केलं. मेंदूत अमायलॉइड भरपूर, नातेवाइकांपेक्षाही जास्त. टाऊ मात्र फार कमी. तिच्या जनुकांत शोध घेतला तेव्हा एपीओई जनुकाचा एक अगदी विरळा प्रकार दोन्ही प्रतींत निघाला, म्हणजे आईकडूनही आलेला आणि बापाकडूनही. हा प्रकार पूर्वी न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरात नोंदला गेला होता, म्हणून त्याला तेच नाव. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. हे काम करणाऱ्यांत लोपेरांबरोबर याकील किरोज आणि होसेफ आर्बोलेदा-वेलास्केझ होते, दोघेही मूळचे कोलंबियाचे. एका जनुकातल्या अक्षराने मेंदू अकाली म्हातारा करायचा ठरवलं होतं आणि दुसऱ्या जनुकातल्या अक्षराने त्याला तीस वर्षं थोपवलं. आजार आणि वय यांच्यामध्ये आणखीही काही आहे, हे या एका बाईने दाखवलं. २०२० साली ७७व्या वर्षी ती कर्करोगाने गेली आणि तिच्या माणसांनी तिचा मेंदू दिला.

२०२३ साली तसाच एक पुरुष नोंदला गेला. त्याचं विसरणं ६७व्या वर्षापर्यंत लांबलेलं, आणि त्याला वाचवणारा बदल रीलिन नावाच्या तिसऱ्याच जनुकात. २०२४ साली ख्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा हिशेब लागला: विसरणं ४७ऐवजी ५२व्या वर्षी सुरू झालं. पाच वर्षं. शास्त्रज्ञांना हा आकडा लहान वाटेल, घरच्या माणसाला वाटणार नाही. पाच वर्षांत मुलगी दहावीतून पदवीपर्यंत जाते. ख्राइस्टचर्चचं काम नकलून दाखवणारं प्रतिपिंड करण्याचे प्रयत्न आता प्रयोगशाळांत चालू आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये लोपेरा वारले. जन्मभर ज्या औषधाची वाट पाहिली ते त्यांना दिसलं नाही.

आता आपल्याकडचं. ओपीडीत अशी गोष्ट कुणी वाचून आलं की हमखास विचारायचं, “मलाही होणार का, सिस्टर?” तर अँतियोकियासारखा, एका दोषाने ठरून जाणारा अल्झायमर सगळ्या रुग्णांत शंभरात एकापेक्षाही कमी जणांना असतो. बाकीच्यांत अनेक जनुकं थोडा थोडा धोका वाढवतात किंवा कमी करतात, आणि रक्तदाब, साखर, शिक्षण, कानाने कमी ऐकू येणं, डोक्याला मार, याही गोष्टी त्यात भर घालतात. एपीओईचा चौथा प्रकार असला तरी आजार होईलच असं नाही. हरयाणातल्या बल्लभगढमध्ये गावकऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा तो प्रकार तिथे अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी सापडला आणि अल्झायमरचं प्रमाणही जगात नोंदलेल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी होतं. पण माणसं आता जास्त जगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे साठीच्या पुढच्या भारतीयांत शंभरात सातपेक्षा थोड्या जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी अजूनही ‘वय झालं’ एवढंच म्हटलं जात असणार, कारण माझ्या समोरच्या खुर्चीत बसून तसं म्हणणारी किती कुटुंबं मी पाहिली, याला गणती नाही.

अँतियोकियाच्या घरांनी रक्त दिलं, मेंदू दिले, आयुष्यातली धडधाकट वर्षं पाण्याच्या सुया घेण्यात दिली. त्यांच्यापासून शिकून तयार झालेलं औषध जेव्हा केव्हा येईल, तेव्हा ते श्रीमंत देशांच्या दुकानांत पोचण्याआधी यारुमाल आणि आंगोस्तुराच्या दवाखान्यात फुकट पोचलं पाहिजे. यात दानधर्म काही नाही, हा त्यांचा हक्क आहे.

आणि वाचकांना एक विनंती. घरात कुणी वंशावळ लिहीत असेल तर लेकी आणि सुना दोघींची पूर्ण नावं लिहा, त्यांचं माहेर लिहा, पाळण्यातलं नाव माहीत असेल तर तेही. जन्म-मृत्यूच्या सालाशेजारी शेवटची वर्षं कशी गेली ते दोन ओळींत लिहा: कितव्या वर्षी विसरायला लागले, पैसे मोजता येत होते का, घरची माणसं ओळखत होते का. मुलींच्या लग्नाच्या भीतीने ते लपवू नका. आजीला विचारायचं असेल तर तिला सांगता येतंय तोवर विचारा, आणि पेशंटला घेऊन डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या.